गावच्या स्मृतिफलकावर पदके लिहायची आहेत: शौर्याचे कोणते, मोहिमेचे कोणते?

चावडी_फलक विचारतात:

राम राम मंडळी.

गावच्या चावडीसमोर सैनिकांचा स्मृतिफलक उभा करायचा आहे. काळा ग्रॅनाइट, सहा फूट उंच, चार फूट रुंद. पहिल्या महायुद्धापासून आजपर्यंत फौजेत गेलेल्यांची नावे कोरायची आणि ज्यांना पदक मिळाले त्यांच्या नावापुढे ते लिहायचे, असे ठरले आहे. घराघरांतून समोर आलेली पदके अशी:

(अ) पिवळट धातूची सहा टोकांची चांदणी. फीत तांबडी, पांढरी, हिरवी. घरचे तिला 'इटलीचे वीरचक्र' म्हणतात.

(आ) रुपेरी गोल पदक. एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला सिंह.

(इ) तळहाताएवढी जाड गोल थाळी. तिच्यावर एक स्त्री, सिंह, एक नाव आणि इंग्रजीत 'ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर'. घरचे याला व्हिक्टोरिया क्रॉस म्हणतात.

(ई) रुपेरी गोल पदक, लाल फितीत मधोमध एक पांढरी रेघ.

(उ) तपकिरी गोल पदक, हिरव्या फितीवर तीन केशरी रेघा.

(ऊ) 'पराक्रम पदक' असे नावच कोरलेले.

यांतली शौर्याची कोणती? फलकावर क्रम कसा लावावा? 'शहीद' लिहावे का? उद्घाटनाच्या दिवशी पदके मांडायची आहेत, पण बरीचशी काळी पडली आहेत. ती घासावीत का?

---

कड_आधी_वाचा:

सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: काहीही घासू नका. का, ते खाली कोणीतरी लिहीलच, मी ओळखण्याबद्दल लिहितो.

पदक फितीवरून ओळखायचे नाही. फीत विटते, उंदीर कुरतडतात, मग घरातले कोणीतरी मिळेल ती नवी फीत ओवते. एकाच माणसाच्या चार पदकांच्या फिती आपापसांत बदललेल्या असणे नेहमीचेच आहे. आधी धातू, मग आकार, मग कडेवर कोरलेली अक्षरे पाहायची. फीत शेवटी, दुजोऱ्यापुरती.

(अ) हा इटली स्टार. दुसऱ्या महायुद्धातले सगळे स्टार याच घडणीचे: सहा टोके, तांबे-जस्ताचा मिश्रधातू, मधोमध सहाव्या जॉर्जची मुद्रा आणि तिच्याभोवतीच्या कड्यावर मोहिमेचे नाव. भिंगातून पाहिलेत तर 'द इटली स्टार' दिसेल. आफ्रिका स्टार, बर्मा स्टार हेही असेच. त्या मोहिमेत ठरलेल्या अटींप्रमाणे सेवा केलेल्या प्रत्येकाला तो मिळाला, म्हणजे हे मोहिमेचे पदक आहे. वीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू केले गेले. इटलीतली लढाई १९४५ मध्येच संपली होती, म्हणून 'इटलीचे वीरचक्र' अशी वस्तूच नाही. वीरचक्र चांदीचे, गोल, आणि त्यावर पाच टोकांचा तारा. चांदणीची टोके मोजलीत तरी निम्मे गैरसमज मिटतात.

मात्र घरच्यांना 'हे साधेच पदक आहे' असे सांगू नका. इटलीत मराठा पलटणींनी फार मोठी किंमत मोजली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे (३/५ मराठा, म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण) यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. मोर्चा घेतला आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव (१/५ मराठा) यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून मागे आणले, आणि पुन्हा जाऊन मशीनगनचे मोर्चे मोडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. तुमच्या गावचा इटली स्टारवाला माणूस त्याच मोहिमेत होता. 'इटली मोहीम' एवढे दोन शब्द नावापुढे कोरलेत तरी ते खरे आणि मानाचे आहेत.

(आ) हे १९३९-४५ चे वॉर मेडल. तांबे-निकेलचे असते, चांदीचे नव्हे. सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा आहे ना, पाहून घ्या. याच्या फितीवर एक खास गोष्ट शोधा: काशाचे छोटेसे ओकचे पान. ते असेल तर त्या सैनिकाचे नाव लढाईच्या अहवालात गौरवाने आले होते, आणि ही नोंद फलकावर जायलाच हवी. पान गळून पडले असले तरी जुन्या फितीवर त्याच्या टाचण्यांची भोके राहतात. स्वातंत्र्यानंतर याच गौरवासाठी कमळाचे पान देतात.

(इ) तुमच्या यादीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू ही. हे पदकच नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या वारसाला राजाकडून आलेली काशाची स्मृतिथाळी आहे, व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. तिच्यावरची स्त्री म्हणजे ब्रिटानिया. नावाआधी हुद्दा नसतो, तो मुद्दाम गाळलेला आहे: शिपाई असो वा जनरल, मरण सारखेच. व्हिक्टोरिया क्रॉस काशाचा क्रॉस असतो, किरमिजी फितीचा, आणि त्यावर 'फॉर व्हॅलर' असते. ही थाळी घरात आहे याचा अर्थ तो माणूस त्या युद्धात गेला. नाव 'वीरगती'च्या यादीत घ्या.

(ई) सेना मेडल. पुढच्या बाजूला उभी संगीन दिसेल. इथे एक मोठी फसगत होते, खाली सांगतो.

(उ) शौर्यचक्र. हिरव्या फितीवर एक केशरी रेघ म्हणजे अशोकचक्र, दोन म्हणजे कीर्तिचक्र, तीन म्हणजे शौर्यचक्र. धातूही बदलतो: अशोकचक्राला सोन्याचा मुलामा, कीर्तिचक्र चांदीचे, शौर्यचक्र काशाचे. रेघा तीन आणि धातू तपकिरी, दोन्ही जुळतात, म्हणजे शंका नाही.

(ऊ) नावामुळे सगळे चकतात. पराक्रम पदक शत्रूशी लढताना जखमी झालेल्याला देतात. त्याच्याबद्दल आदर हवाच, पण शौर्यपदकांच्या रांगेत ते बसत नाही. फलकावर 'युद्धात जखमी, पराक्रम पदक' असे लिहा.

आता सेना मेडलची फसगत. तेच पदक, तीच फीत, पण ते दोन कारणांनी मिळते: शौर्यासाठी किंवा कर्तव्यनिष्ठ सेवेसाठी. पदक कितीही निरखलेत तरी ते कळणार नाही. पदकासोबतचे पत्र किंवा राजपत्रातली नोंद पाहावी लागते. शौर्यासाठी असेल तर 'सेना मेडल (शौर्य)' लिहा. कागद सापडेपर्यंत नुसते 'सेना मेडल'. कंसातला शब्द अंदाजाने घालू नका.

---

राजपत्र_वाचक:

क्रमाबद्दल. शौर्यपदकांची उतरंड अशी: परमवीरचक्र, अशोकचक्र, महावीरचक्र, कीर्तिचक्र, वीरचक्र, शौर्यचक्र, त्यानंतर सेना, नौसेना आणि वायुसेना मेडल (शौर्य). यात परमवीर, महावीर, वीर ही शत्रूसमोरच्या शौर्याची. अशोक, कीर्ती, शौर्य ही त्याखेरीजच्या शौर्याची. पुष्कळ जण दुसऱ्या तिघांना 'शांतताकाळची' म्हणून कमी लेखतात. ते बरोबर नाही. काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना दाखवलेले शौर्य याच रांगेत येते. दुसरी रांग पोलिसांना आणि नागरिकांनाही खुली आहे, म्हणूनच तुकाराम ओंबळे यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

जुन्या कागदांत एक सापळा आहे. १९५२ ते १९६७ या काळात कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र ही नावेच नव्हती. 'अशोकचक्र वर्ग १, वर्ग २, वर्ग ३' असे म्हणत. त्या काळातल्या शिपायाच्या पत्रावर 'अशोकचक्र, वर्ग ३' असते, फलकवाले 'वर्ग ३' गाळतात आणि दगडावर सर्वोच्च सन्मान कोरला जातो. असे लिहा: 'अशोकचक्र, वर्ग ३ (आताचे शौर्यचक्र)'.

दुसरा सापळा सालाचा. पराक्रम केला ते साल आणि पदक जाहीर झाले ते साल वेगळे असू शकते. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी राजौरीच्या वाटेवर सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला तो ८ ते ११ एप्रिल १९४८ दरम्यान. परमवीरचक्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. 'परमवीरचक्र, १९४८' असे कोरले तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. 'राजौरी, एप्रिल १९४८: परमवीरचक्र' असे स्थळ आणि काळ आधी लिहिले की अर्थ सरळ होतो. शौर्यपदके बहुतेक २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात, म्हणून पत्रावर याच दोन तारखा वारंवार दिसतील. ती मृत्यूची तारीख समजू नका.

एकाच माणसाची दोन पदके असतील तर वरचे आधी: 'कर्नल संतोष महाडिक, शौर्यचक्र (मरणोत्तर), सेना मेडल'. 'मरणोत्तर' त्या त्या पदकालाच जोडायचे, ओळीच्या शेवटी नाही. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाले तर नवे पदक देत नाहीत, फितीवर पट्टी देतात आणि तिला बार म्हणतात. जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ मध्ये महावीरचक्र आणि १९७१ मध्ये त्यावर बार मिळाला. मराठीत 'महावीरचक्र (दोनदा)' असे लिहिलेले गावकऱ्यांना चटकन कळते आणि ते चूकही नाही.

'विशिष्ट सेवा', 'अतिविशिष्ट सेवा', 'परमविशिष्ट सेवा' ही मेडल मोठ्या सेवेची, शौर्याची नव्हेत. समर सेवा स्टार (१९६५), पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार (१९७१), ऑपरेशन विजय स्टार (कारगिल) ही सगळी मोहिमेची. नावात 'स्टार' दिसला की निदान एकदा थांबून चौकशी करावी.

'शहीद' हा शब्द सेनेच्या किंवा संरक्षण मंत्रालयाच्या अधिकृत व्याख्येत नाही, हे सरकारने संसदेत सांगितलेले आहे. गावाने तो लिहिला तर कोणी अडवणार नाही. तरी माझे मत असे की दगडावर नेमका शब्द हवा: लढाईत गेले असतील तर 'वीरगती', सेवेत अपघाताने किंवा आजाराने गेले असतील तर 'सेवेत असताना निधन'. दोन याद्या वेगळ्या केल्यात तर कोणाचाच अपमान होत नाही. सगळ्यांना एकच शब्द लावला की पन्नास वर्षांनी कोण कसे गेले हेच कळेनासे होते.

---

संग्रहालय_कपाट:

पदके घासण्याबद्दल. घरोघरी जे करतात तेच इथे घातक ठरते: चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची भांडी लख्ख करायची पावडर. आम्ल धातूचा वरचा थर खाते आणि कण उरलेला थर खरवडतो. कडेवरची नावाची अक्षरे इतकी उथळ असतात की वर्षानुवर्षे उत्साहाने घासलेल्या पदकावरचा नंबर कायमचा जातो, आणि नंबर गेला की माणसाची नोंद शोधण्याचा धागाच तुटतो. मुलामा असलेल्या पदकाचा मुलामा निघतो. काशावरचा गडद तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तो धातूचे रक्षण करतो.

करायचे एवढेच: हात धुऊन कोरडे करा, सुती हातमोजे घाला (घामातल्या मिठाने बोटांचे ठसे धातूवर कायमचे उमटतात), मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, धुऊन विटलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच टिपा. चांदी काळपट राहिली तर राहू द्या. मांडणीत काळपट पदक कमी देखणे वाटत नाही, उलट त्यावरचे चित्र जास्त उठून दिसते.

काशावर फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली आणि पुसल्यावर पुन्हा आली, तर ते क्लोराइडमुळे होणारे गंजणे आहे. कोकणातल्या दमट हवेत, खाऱ्या वाऱ्यावर ते वेगाने पसरते. ते पदक लगेच इतरांपासून वेगळे काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत कोरडे ठेवा आणि संग्रहालयाच्या जाणकाराला दाखवा. घरी त्यावर काही लावू नका.

ठेवायच्या जागेतही चुका होतात. रबरबँड, वर्तमानपत्र आणि स्वस्त प्लास्टिकची पाकिटे यांतून निघणाऱ्या वायूंनी चांदी काळी पडते. आम्लरहित कागदात किंवा धुतलेल्या बिनरंगी सुती कापडात प्रत्येक पदक वेगळे गुंडाळा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडे करा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहा. फीत उन्हात उडते म्हणून मांडणी खिडकीसमोर नको. जुनी फीत फाटली असली तरी फेकू नका. नवी ओवलीत तर जुनी त्याच नावाच्या पाकिटात ठेवा. वर सांगितलेली टाचणीची भोके तिच्यावरच असतात.

उद्घाटनाला वारस पदके लावणार असतील तर उजव्या छातीवर. डावी छाती ज्याने ती मिळवली त्याची.

---

चावडी_फलक:

सर्वांचे मनापासून आभार. भिंगातून कडा पाहिल्या. (आ) वर एक आकडा, मग 'एस.ई.पी.', मग नाव, मग 'महरट्टा एल.आय.' असे आहे. (अ) च्या मागे काहीच नाही. आणखी एका घरात पहिल्या महायुद्धातले एक पदक निघाले, त्याच्या कडेवर '११७ महरट्टाज' आहे. ही पलटण कोणती? आता यांची खातरजमा कुठे करायची?

---

कड_आधी_वाचा:

'महरट्टा एल.आय.' म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री, 'एस.ई.पी.' म्हणजे शिपाई. 'एन.के.' नाईक, 'एच.ए.व्ही.' हवालदार, 'जे.ई.एम.' जमादार, 'एस.यू.बी.' सुभेदार. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धातली पदके नाव न कोरता दिली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र पुष्कळदा नाव आढळते. स्टारच्या मागे नाव नसले तर तो खोटा, असे मानू नका. तो त्याच घरातला आहे याला दुसरा आधार शोधा.

'११७ महरट्टाज' ही पहिल्या महायुद्धातली ११७ वी पलटण. ती सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आताच्या इराकमध्ये) गेली आणि कुत अल् अमाराच्या वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले, त्यानंतर कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत असंख्य माणसे मेली. म्हणून त्या सैनिकाच्या मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची निघाली तर ती चूक समजू नका. १९२२ च्या फेररचनेत १०३ ची १/५ (जंगी पलटण), १०५ ची २/५ (काळी पाचवी), ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५ झाली. फलकावर दोन्ही लिहा: '११७ मराठा (पुढे ५/५ मराठा)'.

त्या जुन्या पदकाचा धातूही पाहा. पहिल्या महायुद्धाचे वॉर मेडल सैनिकांना चांदीचे मिळाले. हमाल, मजूर अशा फौजेबरोबरच्या कित्येकांना काशाचे. काशाचे निघाले तर तो माणूस बहुधा लढाऊ शिपाई नव्हता, पण मोहिमेत होता. अशांची नावे गावच्या फलकांवरून सहसा गळतात. तुमच्या फलकावर ती राहोत.

खातरजमा अशी करा. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी: पहिल्यासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. नाव इंग्रजीत लिहिताना तेव्हाचे कारकून कानाला ऐकू येईल तसे लिहीत, म्हणून आधी नंबर टाकून शोधा, नाव शेवटी. स्वातंत्र्यानंतरच्या वीरगतीसाठी दिल्लीतल्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्यागचक्रातली नावे. शौर्यपदकांसाठी संरक्षण मंत्रालयाचे शौर्यपुरस्कारांचे संकेतस्थळ आणि भारताचे राजपत्र. व्हिक्टोरिया क्रॉस, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल यांच्या नोंदी लंडन किंवा त्या वेळच्या हिंदुस्थानच्या राजपत्रात. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळतच नसे, म्हणून त्याआधीच्या कुणाबद्दल असा दावा आला तर तिथेच थांबा. घरात 'जंगी इनामा'ची (सैनिकी सेवेबद्दलच्या बक्षिसाची) सनद निघाली तर ती जपा, पण केवळ तिच्या आधारावर शौर्यपदक लिहू नका.

सेवेची नोंद हवी तर त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे नंबर, नाव, पलटण लिहून अर्ज करा: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिकरोडला. वारसाची सही असली आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर सोपे पडते.

अजून एक. मोठ्या रकमेचे आमिष दाखवून पदके विकत घेणारे लोक अशा कार्यक्रमांनंतर गावात येतात. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्यात बसतात. वारसांना आधीच सांगून ठेवा. मांडणीच्या दिवशी प्रत्येक पदकाचे दोन्ही बाजूंनी आणि कडेचे फोटो काढून एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

---

टाकी_छिन्नी:

कोरीवकामाबद्दल थोडे. मजकूर युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे हमखास तुटतात. 'शौर्य'चा 'शौय' आणि 'कीर्ती'चा 'कीती' झालेले फलक आहेत. दुरुस्तीला दगड फोडावा लागतो. म्हणून कारागिराला टाइप केलेला मजकूर पाठवू नका, पीडीएफ द्या, आणि पूर्ण मापाची कागदी छापील प्रत भिंतीवर आठवडाभर लावून ठेवा. प्रत्येक घरच्या माणसाकडून त्या त्या ओळीवर सही घ्या.

अक्षराची उंची २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर रफार, मात्रा आणि अनुस्वार रंगाखाली बुजतात. 'मरणोत्तर' कंसात पूर्ण लिहा, 'म.' असे नको. हुद्दा मृत्यूच्या किंवा निवृत्तीच्या वेळचा लिहा. मानद हुद्दा असेल तर 'मानद कॅप्टन' असा पूर्ण लिहा.

सहा बाय चारच्या दगडात तळाचा निदान सव्वा फूट कोरा सोडा. खातरजमा चालू असलेली नावे तिथे नंतर येतील. गावात १९१४-१९ चा संगमरवरी लेख जुन्या चावडीत असेल, 'या गावातून इतके जण महायुद्धास गेले, पैकी इतके मेले' असा, तर आधी तो शोधा. त्यातला आकडा आणि तुमची यादी जुळत नसेल तर अजून काही घरांत जायचे बाकी आहे.